सोनं शोधणाऱ्या दांड्याची गोष्ट

२ जुलै १८८१. वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड ह्यांच्यावर चार्ल्स गिटो नावाच्या माणसाने दोन गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली, दुसरी पाठीतून शिरली ती आतच राहिली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षं होती. गोळी कुठे अडकलीय हे बघायला डॉक्टरांकडे सळ्या होत्या आणि स्वतःची बोटं. (हात धुवायची सवय त्या डॉक्टरांना फारशी नव्हती, पण तो विषय जेवण झाल्यावर कधीतरी.)

तेव्हा मदतीला आला अलेक्झांडर ग्रॅहम बेल. हो, तोच, टेलिफोनवाला. डेव्हिड ह्यूजने १८७९ मध्ये 'इंडक्शन बॅलन्स' नावाचा एक प्रकार तयार केला होता. तारेची दोन वेटोळी अशा बेताने ठेवायची की एकीचा दुसरीवरचा परिणाम बरोब्बर रद्द होईल. आता जवळ धातू आला की हा तोल बिघडतो, आणि वेटोळ्याला टेलिफोनचा रिसीव्हर जोडला असेल तर त्यात आवाज येतो. बेलने ह्याचंच एक उपकरण घाईघाईने तयार केलं. २६ जुलैला पहिला प्रयत्न झाला. कंडेन्सर चुकीचा जोडला गेल्यामुळे नुसतीच खरखर. १ ऑगस्टला पुन्हा प्रयत्न. ह्या वेळी आवाज आला, पण हलकासा, आणि जिथे फिरवावं तिथे! दुसऱ्या दिवशी बेलला कळलं, की राष्ट्राध्यक्षांच्या घोड्याच्या केसांच्या गादीखाली आणखी एक गादी आहे, आणि ती पोलादी तारांची आहे.

शिवाय डॉक्टर ब्लिस ह्यांचा हट्ट होता की गोळी उजवीकडेच आहे, तिथेच शोधा. ती निघाली डावीकडे, आणि तेही शवविच्छेदनात. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले.

आता तुम्ही म्हणाल, शीर्षकात सोनं आणि दांडा, आणि हा गादीचं काय घेऊन बसलाय? तर मंडळी, मुद्दा त्या गादीतच आहे. धातू शोधणारं यंत्र बनवलं की अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं काम म्हणजे त्या यंत्राच्या शेजारी आपणच आणून ठेवलेल्या धातूचं काय करायचं ते ठरवणं. गेल्या एकशे चाळीस वर्षांत हा दुसरा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आलाय, आणि आज तो सगळ्यात स्वच्छ दिसतो कुठे, तर डिटेक्टरच्या दांड्यात.

मी ह्या भानगडीत पडलो त्याचं कारण मेलबर्न. मागच्या वर्षी कामानिमित्त तीन महिने तिथे होतो. टीममधल्या एकाचे वडील (मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणतो, समोर अर्थात पहिल्या नावाने, तिकडे तसंच चालतं) गेली वीस वर्षं दर वीकेंडला डिटेक्टर घेऊन सोनं शोधायला जातात. वय सत्तरीला टेकलेलं, उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "हातातलं वजन कमी करा, नाहीतर हा छंद सोडा." त्यात त्यांच्या यंत्राचा मूळ दांडा सांध्याशी झिजून डुगडुगायला लागला होता. एका बार्बेक्यूला त्यांनी मला गाठलं आणि विचारलं, "तू इंजिनियर ना? मग सांग, नवा दांडा कुठला घेऊ? ॲल्युमिनियम, फायबरग्लास की कार्बन फायबर?"

मी कॉम्प्युटर इंजिनियर. आमच्याकडे वजनदार असतात ते फक्त जावाचे प्रोग्रॅम. पण "बघून सांगतो" म्हटलं आणि दोन वीकेंड त्यातच गेले. :)

आधी हे सोनं तिथे कुठून आलं ते बघू. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात १८५१ मध्ये सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं तिथे धावली. खाणीच्या परवान्याची फी आणि ती वसूल करणाऱ्या पोलिसांचा जाच ह्यावरून बॅलरॅटला ३ डिसेंबर १८५४ रोजी 'युरेका'चा उठाव झाला. उठाव काही मिनिटांत चिरडला गेला, पण पुढच्याच वर्षी तो परवाना रद्द होऊन 'मायनर्स राइट' आला. गंमत म्हणजे ह्याच नावाचा कागद आजही तिथे मिळतो. तो दहा वर्षं चालतो. त्यावर ठरलेल्या जमिनीत हाताच्या अवजारांनी खणायचं आणि सापडेल ते सोनं आपलं. काकांच्या पाकिटात तो असतो.

५ फेब्रुवारी १८६९ रोजी मोलियागुल गावाजवळ जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स ह्यांना सोन्याचा एक गोळा सापडला, 'वेलकम स्ट्रेंजर'. शुद्ध सोनं ७० किलोच्या वर, आणि सापडलं कुठे, तर जमिनीच्या वरच्या दोन-चार बोटांत, झाडाच्या मुळांपाशी! डनोलीच्या बँकेच्या तराजूवर तो मावेना, म्हणून ऐरणीवर ठेवून त्याचे तुकडे करावे लागले. त्या काळी 'डिटेक्टर' म्हणजे डोळे आणि कुदळ. डोळ्यांना दिसण्यासारखं होतं ते हळूहळू संपलं. उरलं ते मातीखालचं, बारकं आणि विखुरलेलं.

इकडे बेलच्या त्या प्रयत्नाला पन्नास वर्षं होत आली होती. मग जर्मनीतून अमेरिकेत आलेला गेरहार्ड फिशर नावाचा इंजिनियर विमानांना दिशा दाखवणाऱ्या रेडिओवर काम करत असताना त्याच्या लक्षात आलं, की आसपास धातूचे किंवा खनिजाचे साठे असले की दिशा चुकते. दुसरा कुणी त्याला 'बग' म्हणून मोकळा झाला असता. ह्याने त्याचं यंत्र केलं. १९३१ मध्ये पालो आल्टोतल्या एका गॅरेजमध्ये कंपनी सुरू झाली (पालो आल्टो, गॅरेज, ओळखीचं वाटतंय ना?) आणि १९३७ मध्ये पेटंट मिळालं. त्याचं 'मेटालास्कोप' म्हणजे लाकडाच्या दोन चपट्या पेट्या, त्यात तांब्याची वेटोळी आणि पाच व्हॅक्यूम ट्यूब. पेट्या लाकडाच्याच, हे लक्षात घ्या. बेलच्या गादीचा धडा इथे गिरवलेला दिसतो.

ह्या यंत्राला दांडा लागला आणि ते एका माणसाच्या हातात आलं ते दुसऱ्या महायुद्धात, आणि त्या गोष्टीत पुण्याजवळची खडकीही आहे. १९४१ च्या सुरुवातीला ॲबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, बॉम्बे सॅपर्सचा बावीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत आपल्या फौजेपुढचा रस्ता मोकळा करत होता. चार दिवसांत, म्हणजे सलग ९६ तासांत, ५५ मैलांच्या रस्त्यावरची पंधरा सुरुंगक्षेत्रं त्याने हुडकून साफ करून घेतली. त्याची गाडी दोनदा सुरुंगावर उडाली, कानाचा पडदा फाटला. ह्यासाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धात तो मिळवणारा हा पहिला भारतीय अधिकारी. पुढे जे डिटेक्टर युद्धभर गाजले ते तेव्हा जन्मायचे होते.

ते जन्मले त्याच वर्षी, स्कॉटलंडमध्ये. पोलंडहून निसटून तिथे पोचलेला लेफ्टनंट युझेफ कोसात्स्की ह्याने दोन वेटोळी एका लांब दांड्याच्या टोकाला लावली. एकीला ऑसिलेटर, दुसरीला ॲम्प्लिफायर आणि कानाला हेडफोन. सगळं मिळून वजन १४ किलोच्या आत, आणि एकटा सैनिक ते वापरू शकत होता. १९४२ मध्ये अल अलामीनच्या लढाईच्या वेळी ब्रिटिश आठव्या आर्मीकडे असे ५०० डिटेक्टर होते. सुरुंगांमधून वाट काढायचा वेग ताशी सुमारे १०० मीटरवरून २०० मीटरवर गेला. कोसात्स्कीने पेटंट घेतलंच नाही, शोध ब्रिटिश सैन्याला देऊन टाकला. बदल्यात मिळालं राजाचं आभाराचं पत्र. त्याच्या डिझाइनची सुधारलेली आवृत्ती ब्रिटिश सैन्याने १९९५ पर्यंत वापरली! आमच्याकडे पाच वर्षं जुन्या कोडला 'लेगसी' म्हणतात.

ह्या दांड्याने दोन कामं केली. कॉइल जमिनीलगत ठेवली आणि माणसाला सुरुंगापासून लांब. तिसरं काम त्याच्याकडे आपोआपच आलं, ते म्हणजे गप्प राहणं. सैनिकाच्या बुटातले खिळे, पट्ट्याचं बक्कल, खांद्यावरची रायफल हे सगळं त्या दांड्यामुळे कॉइलपासून लांब राहिलं.

युद्धानंतर जास्तीचे डिटेक्टर बाजारात आले, मग ट्रान्झिस्टर आले, यंत्रं हलकी झाली आणि हौशी लोकांच्या हातात पडली. १९८० मध्ये व्हिक्टोरियातल्याच किंगोवरला केव्हिन हिलियर ह्यांना गॅरेट कंपनीच्या डिटेक्टरने २७ किलोचा गोळा सापडला, 'हँड ऑफ फेथ'. लास व्हेगासच्या गोल्डन नगेट कॅसिनोने तो दहा लाखांहून जास्त डॉलर देऊन विकत घेतला. त्यानंतर कितीजणांनी नोकरी सोडून डिटेक्टर घेतला असेल ते तुम्हीच ओळखा.

पण तिथली माती फार छळते. कोकणातला जांभा आठवा, तशीच तांबडी, लोहयुक्त. डिटेक्टरच्या दृष्टीने अख्खी जमीनच कुजबुजत असते. ह्यावर उत्तर काढलं ॲडलेडच्या मायनलॅब ह्या कंपनीच्या ब्रूस कँडी ह्यांनी. १९९५ मध्ये आलेल्या त्यांच्या 'एसडी २०००' ह्या यंत्रात कॉइलमध्ये करंटचा ठोका सोडायचा, तो झटकन तोडायचा आणि पुढचे काही मायक्रोसेकंद कान देऊन ऐकायचं, अशी पद्धत होती. तोडलेल्या करंटमुळे जवळच्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि विरून जातात. ते विरतानाचा आवाज म्हणजे सिग्नल. कँडींची युक्ती अशी, की कमी-जास्त लांबीचे ठोके देऊन उत्तरांची तुलना करायची. माती त्यांना एका ठरावीक पद्धतीने उत्तर देते, सोनं वेगळ्या. मातीचं उत्तर वजा केलं की सोनं उरतं. जिथली जमीन 'संपली' असं लोक म्हणत होते तिथे पुन्हा सोनं निघायला लागलं.

आणि इथेच दांड्याचा प्रश्न ऐरणीवर आला. बारीक सोन्यातला प्रवाह काही मायक्रोसेकंदांतच विरतो. इतकं हळू ऐकणाऱ्या यंत्राला दांड्यातला धातूही ऐकू येणारच.

आता थोडं गणित, घाबरू नका. कॉइलपासून जरा लांब गेलं की तिचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. धातूकडून परत येणारं उत्तरही तसंच घटतं. म्हणजे एकूण सहावा घात. अंतर दुप्पट केलं की सिग्नल चौसष्टावा हिस्सा! सोनं खोल सापडत नाही त्याचं कारण हेच, आणि दांड्याचा वरचा भाग ॲल्युमिनियमचा चालतो त्याचंही कारण हेच. खालचा भाग मात्र थेट कॉइलला भिडलेला, म्हणून तो अधातूचा हवा. कॉइल जोडायचा बोल्टसुद्धा प्लास्टिकचा असतो. हरवला म्हणून कुणी हार्डवेअरच्या दुकानातून पोलादी बोल्ट आणून लावला, की झाली ती गारफिल्डची गादी तयार.

एक बारकावा मात्र आहे. दांडा कॉइलच्या तुलनेत हललाच नाही, तर त्याचा परिणाम कायम सारखाच राहतो आणि यंत्र तो जमेत धरून मोकळं होतं. गोंधळ होतो तो दांडा डुगडुगला की. तेव्हा प्रत्येक झोक्याच्या टोकाला सिग्नल किंचित बदलतो, आणि कानाला वाटतं सोनं. दांड्याला गुंडाळलेली कॉइलची केबल सैल असली तरी हेच. काका तासन् तास जे खोटे आवाज खणत होते त्यातले बरेचसे त्या झिजलेल्या सांध्याचे होते.

मग कार्बन फायबर? हलकं खरं. घनता १.६ च्या आसपास, ॲल्युमिनियमची २.७, फायबरग्लासची १.९ च्या जवळ. ताठपणातही कार्बनची चांगली नळी ॲल्युमिनियमच्या तोडीस तोड किंवा वरचढ असते, फायबरग्लास दोघांच्याही मागे. पण कार्बन वीज वाहतो! ॲल्युमिनियमच्या मानाने कितीतरी पटींनी कमी, पण वाहतो. त्यामुळे खालच्या भागाला तो चालेल की नाही हे यंत्रावर आणि त्या नळीवर अवलंबून. जाहिरातीवर विश्वास न ठेवता करायची चाचणी सोपी आहे. डिटेक्टर चालू करायचा, कॉइल हवेत धरायची (आसपास कुठलाही धातू नको) आणि नुसती नळी कॉइलजवळ नेऊन हलवायची. आवाज आला तर ती नळी वर वापरा, खाली नको.

माझ्या डोक्यात अस्सल देशी पर्याय होता, कळकाची काठी. अधातू, हलकी, ताठ आणि फुकटात! पण ती पावसात वाकते, उन्हात तडकते आणि नळीत नळी सरकवून लांबी कमी-जास्त करता येत नाही. सोडून दिला.

आता वजनाचं. इथे लोक एकूण किलो बघतात, पण खांद्याला कळतं ते वजन कुठे आहे ते. एक किलोची कॉइल हातापासून एक मीटरवर म्हणजे लिटरभर दुधाची पिशवी मीटरभर काठीच्या टोकाला लटकवून उभं राहायचं. करून बघा, मिनिटात कळेल. शिवाय नुसतं धरायचं नाही, झोकवायचंय. झोक्याला लागणारा जोर अंतराच्या वर्गाने वाढतो. टोकाला वाचवलेले १०० ग्रॅम म्हणजे मध्यावर वाचवलेले ४०० ग्रॅम. दोन सेकंदांना एक झोका धरला तर तासाला १८००, पाच तासांत ९०००. ऑपरेशन झालेल्या खांद्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

कंपन्यांनाही हे कळत होतं. मायनलॅबचं २०१५ चं 'जीपीझेड ७०००' साधारण ३.३ किलोचं, खूप ताकदवान, पण पाठीवरच्या पट्ट्यांना इलॅस्टिक दोरीने टांगल्याशिवाय दिवसभर चालवणं कठीण. २०२१ चं 'जीपीएक्स ६०००' साधारण २.१ किलोवर आलं. सहा वर्षांत किलोहून जास्त वजन उतरवलं, यंत्राने, माणसाने नव्हे.

तर काकांना मी जे सुचवलं ते असं. खालचा भाग फायबरग्लासचा, जाड भिंतीचा. थोडा जड पडला तरी तो गप्प राहतो. वरचे दोन भाग कार्बनचे, तिथे वजन वाचवायचं. सांध्यांना घट्ट दाबून धरणारं क्लॅम्पचं लॉक, नुसतं बटण नको, कारण भोक रुंदावलं की डुगडुग सुरू. घेण्याआधी जुन्या नळीचा बाहेरचा व्यास आणि कॉइलच्या दोन कानांमधलं अंतर व्हर्नियरने मोजायचं. इंचातली आणि मिलिमीटरमधली नळी डोळ्यांना सारखीच दिसते, पण एकमेकींत बसत नाही. लांबी इतकीच की कोपर शरीराजवळ राहील. बॅटरी पाठीवर. आणि नळ्यांना तेल-ग्रीस अजिबात नाही, त्याला वाळू चिकटते आणि तीच नळी खाते.

"म्हणजे सगळ्यात महागडा घ्यायचा नाही?" त्यांनी विचारलं. त्यांनी पूर्ण कार्बनचा एक दांडा बघून ठेवला होता.

"तो आधी तुमच्या कॉइलजवळ हलवून बघा," मी म्हटलं.

त्यांनी दुकानात जाऊन खरंच बघितला. त्यांच्या यंत्रावर त्या नळीचा आवाज येत होता. दुकानदारच म्हणाला, खालचा भाग फायबरग्लासचा घ्या.

मी परत यायच्या आधी एका शनिवारी त्यांच्याबरोबर मोलियागुलच्या बाजूला गेलो होतो. मेलबर्नहून अडीच-तीन तासांचा रस्ता, निलगिरीची विरळ झाडं, तांबडी खडकाळ जमीन आणि जिथे तिथे दीडशे वर्षांपूर्वीचे खड्डे. काका पाच तास चालले. सापडलं काय? शिशाचे छर्रे, घोड्याच्या नालेचा तुकडा, खिळे. सोनं शून्य. पण खणलेला प्रत्येक खड्डा खरा होता, म्हणजे तळाशी काहीतरी निघत होतं. आणि संध्याकाळी गाडी चालवत त्यांनीच परत आणली, उजव्या हाताने गिअर टाकायचा नसतो तिकडे, तरीसुद्धा. :)

परवा त्यांचा मेल आला. गहूभर आकाराचा एक कण सापडलाय, ग्रॅमचाही नाही. सोबत फोटो. फोटोत कण कुठे आहे ते मला अजून नीट दिसलेलं नाही, पण हात दिसतोय, उजवा, सरळ वर धरलेला.

असो. तूर्तास इतकंच. पुढच्या शनिवारी भेटू.